बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना इंदूरमध्ये निधी कुठून मिळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबरात गार वारा सुटला की आमच्याकडे निरोप सुरू होतात. ‘आम्ही सात-आठ जण आहोत, सरवटे बस स्टँडवर झोपणाऱ्यांसाठी काहीतरी करायचंय, अनुदान मिळेल का?’ संक्रांतीनंतर हे निरोप ओसरतात. मार्चमध्ये दुसरी मंडळी येतात, ज्यांना अनुदान मिळालंय पण हिशेब जुळत नाही. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सरकारी कागदांवरचे हिंदी शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत, कारण खिडकीवर तेच चालतात.

१. बेघर आणि भिकारी एकच ना? मग अनुदानाची योजनाही एकच असेल.

नाही, आणि या गोंधळात निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर जातात. रात्री फूटपाथवर, दुकानाच्या ओट्यावर, स्टेशनच्या बाहेर झोपणाऱ्यांत सियागंजचे हम्माल असतात, लग्नाच्या सीझनमध्ये केटरिंगला जाणारी पोरं असतात आणि एम.वाय. हॉस्पिटलमध्ये पेशंट घेऊन आलेले खेड्यातले नातेवाईकही असतात. यातले बरेच जण दिवसा कमावतात, फक्त रात्रीला छप्पर नसतं.

सरकारी पैशाचे दोन वेगळे प्रवाह आहेत. रात्रीच्या निवाऱ्याचा पैसा शहरी उपजीविका मिशनच्या ‘शहरी बेघर आश्रय’ घटकातून येत असे (प्रश्न ५). भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा पैसा केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या ‘स्माईल’ योजनेतून येतो. ती फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि इंदूर तिच्या सुरुवातीच्या शहरांपैकी एक. अर्जात हम्मालाला ‘भिक्षुक’ लिहिलंत तर योजना चुकते आणि त्या माणसाचा अपमानही होतो.

२. आमचा फक्त मित्रांचा गट आहे, नोंदणी नाही. कुणी पैसे देईल का?

ओळखीचे देतील, अनुदान कुणी देणार नाही. अनुदान व्यक्तीच्या खात्यात जात नाही, संस्थेच्या खात्यात जातं. पहिली एक-दोन वर्षं एखाद्या नोंदणीकृत संस्थेसोबत काम करा, नोंदी तुमच्या तुम्ही ठेवा. पुढे ‘तीन वर्षांचा अनुभव दाखवा’ असं कुणी म्हटलं की त्याच नोंदी उपयोगी पडतात.

एक विनंती: गटातल्या कुणाच्या तरी यूपीआयवर वर्गणी गोळा करू नका. चार हजार जमतात तोवर काही वाटत नाही. चार लाख झाले की ते त्या माणसाचं उत्पन्न दिसायला लागतं.

३. सोसायटी, ट्रस्ट की कंपनी? मध्य प्रदेशात काय सोपं?

बहुतेक लहान संस्था सोसायटी करतात. ती मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली, ‘फर्म्स एवं संस्थाएं’ कार्यालयात नोंदते आणि तिला किमान सात सदस्य लागतात. सार्वजनिक न्यासाला (ट्रस्टला) १९५१ चा वेगळा कायदा आहे आणि तिथला रजिस्ट्रार महसूल खात्याकडचा असतो. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, नफा न वाटणारी कंपनी मोठ्या देणगीदारांना आवडते, पण तिचं वार्षिक पालन महाग पडतं.

सोसायटी करणं सोपं असलं तरी ती जिवंत ठेवण्यात लोक चुकतात. ‘धारा २७’ म्हणजे दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि ‘धारा २८’ म्हणजे ऑडिट केलेला हिशेब. या दोन्ही भरल्या नाहीत तर निधी देणारा पहिल्याच छाननीत फाइल परत करतो. आमच्याकडे आलेल्या एका संस्थेचं काम उत्तम होतं, पण सहा वर्षांची धारा २७ राहिली होती आणि मधल्या काळात दोन सदस्य वारले होते. त्यांच्या जागी ठराव करून नवे सदस्य घेईपर्यंत हिवाळा गेला.

४. अर्ज करण्याआधी कोणते कागद हाताशी हवेत?

नोंदणी प्रमाणपत्र, नियमावली, पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं, तीन वर्षांचं ऑडिट, प्राप्तिकराची ‘१२ एबी’ (संस्थेच्या करमाफीची) आणि ‘८० जी’ (देणगीदाराच्या करसवलतीची) नोंदणी, नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या ‘दर्पण’ पोर्टलचा क्रमांक. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा हवा असेल तर ‘सीएसआर-१’ फॉर्म भरून मिळालेला क्रमांकही लागतो, १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी पैसे देऊ शकत नाही. केंद्राच्या अनुदानाला पीएफएमएस या सरकारी पैसे-वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी लागते.

नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, पण बोलताना सगळे ‘ऐंशी जी’च म्हणतात आणि म्हणत राहतील. अर्जात मात्र सीएला विचारून नवा क्रमांक लिहा.

नियमावलीतला उद्देश आधी वाचून बघा. ‘शैक्षणिक व सांस्कृतिक कार्य’ एवढंच लिहिलेल्या मंडळाने रैन बसेरा (रात्रीचा निवारा) चालवायला घेतला तर पुढे ऑडिटमध्ये प्रश्न येतो. उद्देशात दुरुस्ती करून घ्या, ती होते.

५. निगमचा रैन बसेरा चालवायला मिळतो का? किती पैसे मिळतात?

मिळतो. नगर निगम (महापालिका) ‘रुचि की अभिव्यक्ति’, म्हणजे इच्छुक संस्थांचे अर्ज मागवते, संस्था निवडते आणि अनुबंध (करार) करते. जाहिरात हिंदी वर्तमानपत्रांत आणि निगमच्या साइटवर येते.

शहरी उपजीविका मिशनचे निकष असे होते: शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे शंभर माणसांचा एक कायमस्वरूपी, चोवीस तास उघडा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि ५० माणसांच्या निवाऱ्याला वर्षाला ६ लाख रुपये चालवण्याचा खर्च, पाच वर्षांसाठी. २०११ च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या साधारण २० लाख होती. म्हणजे त्याच आकड्यावर वीस निवारे हवेत, आणि शहर तेव्हापासून कुठल्या कुठे पसरलंय. त्याच जनगणनेने २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभरात १७.७३ लाख बेघर मोजले, त्यातले ९.३८ लाख शहरांतले. एका रात्रीत मोजलेला हा आकडा आहे, कमीच समजा.

या मिशनची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. म्हणून अनुबंधावर सही करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: ‘हे देयक कोणत्या मदातून (खर्चाच्या खात्यातून) निघणार?’ निगमचा स्वतःचा मद, राज्याचा की नव्या केंद्रीय योजनेचा, हे उत्तर कागदावर आलं की मगच केअरटेकर नेमा.

६. वर्षाला सहा लाख म्हणजे भरपूर झाले की! मग संस्था अजून देणग्या का मागतात?

हिशेब मांडून दाखवतो. महिन्याला येतात ५० हजार. चोवीस तास उघडं ठेवायचं तर आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस पाळ्या. तीन केअरटेकर सहा-सहा दिवस आले तर अठराच भरतात. उरलेल्या तीन पाळ्यांना अर्ध्या पगाराचा बदली माणूस लागतो. महिना १२ हजार धरले तर तिघांचे ३६ हजार आणि बदलीचे ६ हजार, म्हणजे ४२ हजार. राहिले ८ हजार. पन्नास चादरी महिन्यातून दोनदा धुवायच्या, पंधरा रुपयांना एक म्हटलं तर १,५०० गेले. उरलेल्या साडेसहा हजारांत वीजबिल, पाणी, फिनाइल, बल्ब, औषधाची पेटी, तुंबलेलं संडास. त्यात जेवण कुठेच नाही.

इथेच आमचं सगळ्यांपेक्षा वेगळं मत आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. इंदूरमध्ये ब्लँकेटला कधीच तोटा नसतो. डिसेंबरात एका रात्री तीन-तीन गाड्या येतात. एका सकाळी सरवटेजवळच्या चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत दोन कोरी ब्लँकेटं साठ रुपयांना दिली. विचारलं तर म्हणाला, ‘बाबूजी, रखूँ कहाँ?’ दिवसभर कामावर जायचं तर ती ठेवायची कुठे, हा त्याचा प्रश्न बरोबरच होता. रात्रपाळीचा पगार मात्र कुणी देत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. आणि रात्री दोन वाजता दार उघडणारा, दारू पिऊन आलेल्याला शांत करणारा, छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला एम.वाय.ला नेणारा तो एकच माणूस असतो. तो नसेल तर निवाऱ्याला कुलूप लागतं आणि ब्लँकेटं फूटपाथवरच राहतात.

तेव्हा खाजगी देणगीदाराकडे जाताना मागणी पगाराचीच करा: ‘रात्रपाळीच्या एका माणसाचं वर्ष, १ लाख ४४ हजार.’ बऱ्याच जणांना ही मागणी नवी वाटते, पण नीट समजावली तर मान्य होते. दुसरी मागणी कुलूपबंद कप्प्यांची. त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नानंतर आम्ही एका व्यापाऱ्याकडे लोखंडी कप्पे मागितले. चाळीस कप्पे आणि ऐंशी चाव्या आल्या. पहिल्याच महिन्यात अकरा चाव्या हरवल्या, तरी एकही कप्पा रिकामा राहिला नाही.

७. कंपन्यांचा सीएसआर इंदूरच्या संस्थेला कसा मिळतो?

५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीही एक असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ‘बेघर’ हा शब्द शोधू नका. भूक व दारिद्र्य निवारण, आरोग्य, स्त्रियांसाठी वसतिगृह, ज्येष्ठांसाठी सोयी, आर्थिक मागासांची विषमता कमी करणं, यांतल्या एका कलमाखाली प्रस्ताव बसवा आणि ते कलम पहिल्याच पानावर लिहा.

पीथमपूरच्या कारखान्यांकडे सगळे धावतात. तिथे एक अडचण येते: पीथमपूर धार जिल्ह्यात आहे आणि कायदा कंपनीच्या ‘स्थानिक परिसराला’ प्राधान्य द्यायला सांगतो. हे प्राधान्य आहे, बंदी नाही. पण तुमच्या निवाऱ्यात धार-झाबुआकडून आलेले मजूर किती, हे नोंदवहीतून काढून दाखवलंत तर बोलणं सोपं होतं.

‘पगाराला पैसे देता येत नाहीत, ५ टक्क्यांची मर्यादा आहे’ असं उत्तर मिळालं तर नम्रपणे सांगा की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. केअरटेकरचा पगार हा प्रकल्पाचा थेट खर्च आहे.

८. आमदार किंवा खासदार निधीतून मिळेल का?

खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो, पण तो टिकाऊ मालमत्तेसाठी आहे. खोली, शेड, स्वच्छतागृह यांना जमेल, पगार, जेवण, वीजबिल यांना नाही. आमदार निधीचीही रीत साधारण तशीच. बांधकाम आधी मिळवून ‘चालवायचं नंतर बघू’ म्हणणाऱ्यांनी प्रश्न ६ पुन्हा वाचावा.

९. मराठी मंडळं आणि घराण्यांचे न्यास मदत करतात का? त्यांना कसं विचारायचं?

करतात, पण त्याला ‘अनुदान’ म्हणू नका. ‘सहकार्य’ म्हणा. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर भागातल्या मंडळांकडे गणेशोत्सवाची शिल्लक असते आणि ती कुठे द्यायची हे अनंत चतुर्दशीनंतरच्या बैठकीत ठरतं. अर्ज त्याआधी पोचवा, आणि जमल्यास कार्यकारिणीतल्या काकूंना एक संध्याकाळ निवारा दाखवायला न्या. आमच्या अनुभवात पुरुष सभासद हिशेब विचारतात आणि काकू संडास बघतात. निर्णय काकूंच्या बघण्यावर होतो.

पितृपक्षातल्या तिथी हा दुसरा मार्ग. आईवडिलांच्या तिथीला पन्नास माणसांचं जेवण द्यायची इच्छा पुष्कळांना असते. अडचण अशी की पंधरा दिवस पंगती उठतात आणि उरलेलं वर्ष कोरडं जातं. आम्ही देणाऱ्यांना सांगतो, तिथीला गोड पदार्थ द्या आणि बाकीची रक्कम वर्षभराच्या जेवणखात्यात टाका. दहातले सहा ऐकतात.

१०. अर्ज मराठीत चालतो का?

मंडळांना मराठीतच द्या. निगम, कलेक्टर कार्यालय आणि राज्याच्या विभागांना हिंदीत, कंपन्यांना इंग्रजीत. एकाच मजकुराचं तीनदा भाषांतर करण्यापेक्षा आकड्यांचा एक तक्ता पक्का करा आणि तिन्ही अर्जांत तोच लावा. हिंदीत ५२ आणि इंग्रजीत ६० माणसं लिहिलेली फाइल आम्ही पाहिली आहे.

११. देणगीदार ‘८० जी’ची पावती मागतात. ब्लँकेट दिल्याचीही द्यायची का?

वस्तूंच्या देणगीवर करसवलत नाही, त्यांना साधी पोच द्या. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तरी सवलत नाही. सवलत जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यालाच मिळते, हे देणाऱ्याला आधी सांगितलेलं बरं. वर्षभराच्या देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याला भरायचं असतं, ते राहिलं तर देणाऱ्याची सवलत अडकते आणि तो पुढच्या वर्षी येत नाही.

१२. दानपेटी ठेवली तर?

ठेवा, पण मोजणी दोघांच्या सहीने आणि दर आठवड्याला करा. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतल्या मोठ्या रकमेपलीकडे गेल्या तर वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक न्यासांना यातून सूट आहे, तुमच्या निवाऱ्याला नाही. भिंतीवर गणपती लावला तरी.

१३. अमेरिकेतला भाचा दरमहा पैसे पाठवायला तयार आहे. घेऊ का?

त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे ही परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत आणि पत्र फाइलला लावा. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी तो कायद्याने परदेशी स्रोत आहे. मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि तिच्यासाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले लागतात. ते पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यातच येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत, म्हणून ‘ओळखीच्या संस्थेच्या एफसीआरएतून घेऊ’ हा रस्ता बंद आहे.

पैसे आधी आले आणि पासपोर्ट नंतर कळला, असं झालं तर खर्च करू नका. त्याच दिवशी सीएकडे जा.

१४. आमची संस्था पुण्यात नोंदलेली आहे. इंदूरच्या कामाला निधी घेता येईल?

कंपन्यांकडून येईल, जर न्यासपत्रात कार्यक्षेत्र ‘संपूर्ण भारत’ असेल. ‘महाराष्ट्र राज्य’ एवढंच असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांकडे बदल करा. निगमच्या जाहिरातीत मध्य प्रदेशातल्या नोंदणीची किंवा स्थानिक कार्यालयाची अट आहे का ते बघा. अट असेल तर इथल्या संस्थेला जोडीला घेणं सोपं.

१५. निवाऱ्यात एकटं मूल, वृद्ध किंवा मनोरुग्ण आला तर त्याच निधीतून सांभाळता येईल?

मुलाच्या बाबतीत अजिबात नाही. एकटं मूल सापडलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन आणि चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर. बालन्याय कायद्याच्या कलम ४१ ची नोंदणी नसताना मूल ठेवून घेणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. आईबरोबर आलेलं मूल मात्र कुटुंब निवाऱ्यात राहू शकतं.

वृद्धांना रात्रीपुरतं ठेवता येतं. कायमचं ठेवायचं तर वृद्धाश्रमाची वेगळी केंद्रीय योजना आहे, तिचा अर्ज ‘ई-अनुदान’ पोर्टलवर होतो. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

मनोरुग्ण भटकताना दिसला तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे जबाबदारी पोलीस ठाण्याची आहे. ठाण्यात लेखी द्या, बाणगंगाच्या मानसिक चिकित्सालयाचा रस्ता तिथूनच निघतो. उपचारासाठी तुम्हीच ठेवून घेऊ लागलात तर तुमचा निवारा ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरू शकतो आणि मग वेगळी नोंदणी लागते.

१६. इंदूरमध्ये भीक देण्यावर बंदी आहे. चौकात जेवण वाटलं तर आमच्यावर गुन्हा होईल?

१ जानेवारी २०२५ पासून प्रशासनाने भीक देणाऱ्यावरही एफआयआरची तरतूद असलेला आदेश लागू केला. असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात आणि पुन्हा निघतात, तेव्हा आज कोणता लागू आहे हे कलेक्टर कार्यालयात विचारून घ्या. सिग्नलवर वाटप टाळाच. निवाऱ्यात किंवा निगमला कळवून ठरलेल्या जागी, ताटात वाढून जेवण द्या. निधी देणाऱ्या कंपन्याही आता ही जागा विचारतात.

याच संदर्भात एक सूचना. प्रस्तावात ‘इतके लोक रस्त्यावरून हलवले’ असं यश म्हणून लिहू नका. जानेवारी २०२१ मध्ये निगमच्या गाडीतून वृद्ध बेघरांना शिप्रा गावाजवळ महामार्गावर सोडल्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि अधिकारी निलंबित झाले. तेव्हापासून शहाणा देणगीदार ‘हलवले’ वाचलं की ‘कुठे?’ असं विचारतो. नेलेली जागा, तारीख आणि तिथे टिकलेल्यांची संख्या लिहा.

१७. नोंदवहीत आधार नसलेल्यांची नोंद कशी करायची? देणगीदार तर फोटो मागतात.

आधार नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नका. नाव, अंदाजे वय, गाव, आल्याची वेळ, सही किंवा अंगठा एवढं पुरेसं आहे. नंतर आधार आणि समग्र आयडीसाठी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा ओळख क्रमांक) मदत करा, कारण पेन्शन आणि रेशन त्याशिवाय हलत नाही. फोटोचं म्हणाल तर झोपलेल्या माणसाचा कधीच काढू नका. आम्ही रिकाम्या गाद्यांचे, कप्प्यांचे आणि नोंदवहीच्या पानाचे (नावं झाकून) फोटो पाठवतो. एका देणगीदाराने ‘चेहरे नाहीत’ म्हणून हप्ता थांबवला होता. तो हप्ता आम्ही सोडला.

१८. सरकारी हप्ता आठ महिने आला नाही. केअरटेकरला काय सांगू?

उशीर होणार हे धरूनच सुरुवात करा. तीन महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात असल्याशिवाय निवारा घेऊ नका. देयक दर महिन्याला, पोचशिक्क्यासह द्या. ‘सगळं एकदम देऊ’ म्हटलं की सगळंच एकदम अडकतं. अडलं तर मंगळवारची जनसुनवाई (तिथे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात) किंवा मुख्यमंत्र्यांची १८१ हेल्पलाइन, पण आधी झोन कार्यालयातल्या बाबूंना विचारा की फाइलमध्ये कुठला कागद कमी आहे. निम्म्या वेळा उपस्थिती पत्रकावर एक सही राहिलेली असते.

१९. वर्षअखेरीस पैसे उरले. पुढच्या वर्षी वापरू का?

सरकारी अनुदान असेल तर विचारल्याशिवाय नाही. खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, केंद्राच्या अनुदानाला सरकारी वित्तीय नियमांतल्या ‘जीएफआर १२-ए’ नमुन्यात आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचं असतं. अनुदानाच्या रकमेवर बँकेने दिलेलं व्याजही सरकारचं. म्हणून अनुदानाचं खातं वेगळं ठेवा, नाहीतर मंडळाच्या वर्गणीचं व्याज कुठलं आणि अनुदानाचं कुठलं हे शोधत बसाल. खाजगी देणगीत उरलेल्या रकमेचं काय करायचं ते करारपत्रात लिहिलेलं असतं, आणि नसेल तर एक ईमेल करून परवानगी घ्या.

२०. एकाच केअरटेकरचा पगार निगमकडूनही आणि कंपनीकडूनही दाखवला तर चालेल? दोघांनाही कळणार नाही.

कळतं. दोघेही ऑडिट मागतात आणि त्यात पगाराची ओळ एकच असते. रीतसर मार्ग असा: अर्धा पगार एकाकडून आणि अर्धा दुसऱ्याकडून, दोन्ही प्रस्तावांत तसं लिहून, आणि प्रत्येक व्हाउचरवर शिक्का मारून की या रकमेतले ६,००० अमुक निधीतून आणि ६,००० तमुक निधीतून. शिक्का जेल रोडला दीडशे रुपयांत बनतो.